सोबत काय बुडेल? व्हर्च्युअल बॅकअप अप्लायन्सच्या मांडणीचा आढावा

23 नोव्हेंबर 2022 रोजी दिल्लीच्या एम्समधली ई-हॉस्पिटल यंत्रणा रॅन्समवेअरच्या हल्ल्यात बंद पडली. रुग्णनोंदणी, तपासण्यांचे अहवाल, भरती आणि डिस्चार्ज ही सगळी कामे सुमारे दोन आठवडे कागदावर चालली. पुढच्याच महिन्यात तत्कालीन आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांनी लोकसभेत सांगितले, की हल्ल्याची झळ न लागलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून ई-हॉस्पिटलचा सगळा डेटा परत मिळवून तो नव्या सर्व्हरवर बसवला आहे. बॅकअप पुष्कळ संस्थांकडे असतो. एम्सचा बॅकअप हल्लेखोरांच्या हाताबाहेर राहिला, म्हणून तो कामाला आला.

आज मध्यम आकाराच्या संस्थेत, म्हणजे नागरी सहकारी बँकेत, जिल्ह्याच्या गावातल्या मोठ्या रुग्णालयात किंवा औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात, बॅकअप साठवणारे यंत्र बहुधा वेगळी पेटी नसते. जे दोन-तीन सर्व्हर सगळा कारभार वाहतात, त्यांच्यावरच ते एक व्हर्च्युअल मशीन म्हणून चालते. व्हीएमवेअरचे ईएसएक्सआय, मायक्रोसॉफ्टचे हायपर-व्ही किंवा केव्हीएमवर उभे असलेले प्रॉक्समॉक्स, यांपैकी एखाद्या हायपरवायझरवर तयार फाइल चढवायची, डिस्क जोडायची, आयपी द्यायचा, की अप्लायन्स तासाभरात सुरू होते. सोय मोठी आहे आणि खर्च कमी. पण जपायचा डेटा आणि जपणारे यंत्र एकाच लोखंडावर, एकाच अ‍ॅडमिनच्या हाताखाली आले, तर दोन्ही एका दिवशी जाऊ शकतात. म्हणून मांडणीतल्या प्रत्येक निर्णयाआधी एकच प्रश्न विचारावा, असे माझे ठाम मत आहे: हे कोसळले, तर सोबत काय बुडेल?

ही यंत्रे आली कुठून

विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत बॅकअप म्हणजे टेप असे समीकरण होते. डिस्क महाग होती, आणि रोजच्या बॅकअपमध्ये तोच डेटा पुन्हा पुन्हा येत असल्याने डिस्कवर तो ठेवणे परवडत नसे. तोच तुकडा दुसऱ्यांदा आला तर तो लिहायचाच नाही, फक्त आधीच्या तुकड्याकडे बोट दाखवायचे, या कल्पनेने हे गणित बदलले. बेल लॅब्समधल्या शॉन क्विनलन आणि शॉन डॉरवर्ड यांनी 2002 मध्ये मांडलेली ‘व्हेंटी’ ही या वाटेवरची महत्त्वाची रचना. त्याच सुमारास, 2001 मध्ये, प्रिन्स्टनचे प्राध्यापक काई ली आणि त्यांचे सहकारी यांनी डेटा डोमेन ही कंपनी काढली. 2009 मध्ये नेटअ‍ॅपशी चढाओढ करून ईएमसीने ती सुमारे 2.1 अब्ज डॉलरना विकत घेतली, आणि 2016 मध्ये ईएमसी डेलमध्ये विलीन झाली.

त्याच 2016 साली डेटा डोमेनची व्हर्च्युअल आवृत्ती बाजारात आली. जे सॉफ्टवेअर आधी खास पेटीतच मिळत होते, ते आता कोणाच्याही सर्व्हरवर चढवता येऊ लागले. एचपीईचे स्टोअरवन्स व्हीएसए आणि क्वांटमची डीएक्सआय मालिकेतली व्हर्च्युअल यंत्रे याच जातीची. दुसरी वाट मुक्त सॉफ्टवेअरची. नोव्हेंबर 2020 मध्ये आलेले प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर रस्ट भाषेत लिहिलेले आहे आणि वर्गणी न भरताही वापरता येते. तिसरी वाट साध्या लिनक्सची: बॅकअप सॉफ्टवेअर बनवणाऱ्या वीमने 2021 मध्ये अकराव्या आवृत्तीत ‘हार्डन्ड रिपॉझिटरी’ आणली. तिच्यात साध्या लिनक्स मशीनवर ठरावीक मुदतीपर्यंत पुसता न येणारे बॅकअप ठेवता येतात. तिन्ही वाटा व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतात आणि तिन्हींना पुढचे बहुतेक प्रश्न सारखेच लागू पडतात.

आत काय चालते, ते आधी समजून घ्यावे

डीडुप्लिकेशन करणारे अप्लायन्स येणाऱ्या डेटाचे तुकडे करते, प्रत्येक तुकड्याचा हॅश काढते आणि हा हॅश आधी आला आहे का ते पाहते. डेटा डोमेनमध्ये तुकडा सरासरी 8 केबीचा असतो आणि त्याची सीमा मजकुरावरून ठरते. त्यामुळे फाइलच्या सुरुवातीला चार अक्षरे वाढली, तरी पुढचे तुकडे ओळखता येतात. प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर व्हर्च्युअल मशीनच्या डिस्कसाठी 4 एमबीचे ठरीव तुकडे पाडते, तर फाइलींच्या बॅकअपसाठी बदलत्या आकाराचे.

अडचण शोधण्याची असते. कोट्यवधी हॅश रॅममध्ये मावत नाहीत आणि प्रत्येक तुकड्यासाठी डिस्कवर शोध घ्यायचा, तर सगळे यंत्र मंदावते. बेंजामिन झू, काई ली आणि ह्यूगो पॅटरसन यांनी 2008 च्या निबंधात यावर तीन युक्त्या एकत्र मांडल्या: ‘हा तुकडा नक्कीच नवा आहे’ हे रॅममध्येच सांगणारी चाळणी, एकत्र आलेले तुकडे एकत्र लिहिण्याची पद्धत, आणि तोच शेजार कॅशेमध्ये जपणे. हॅश शोधण्यासाठी होणाऱ्या डिस्कच्या फेऱ्या त्यामुळे 99 टक्क्यांनी कमी झाल्या.

मांडणी करणाऱ्याला यातून तीन धडे मिळतात. पहिला, या यंत्राला रॅम खरी आणि हक्काची लागते. हायपरवायझरने ती दुसऱ्या मशीनसाठी काढून घेतली, तर बॅकअपची रात्र सकाळपर्यंत लांबते. म्हणून दिलेली सगळी रॅम राखीव करावी, आणि हायपर-व्हीवर डायनॅमिक मेमरी बंद ठेवावी. दुसरा, डेटा आधीच दाबलेला किंवा एन्क्रिप्ट केलेला आला, तर सारखे तुकडे सापडत नाहीत. तेव्हा बॅकअप सॉफ्टवेअरमधले कॉम्प्रेशन कमी किंवा बंद करावे आणि एन्क्रिप्शन अप्लायन्सवर, साठवताना करावे. प्रॉक्समॉक्सची गोष्ट वेगळी: तिथे तुकडे पाडणे, दाबणे आणि एन्क्रिप्ट करणे हे सगळे पाठवणाऱ्याकडेच होते आणि एकाच किल्लीने एन्क्रिप्ट केलेले तुकडे आपसांत जुळतात. तिसरा, डीडुप करणाऱ्या डेटास्टोअरवर डीडुप करणारे अप्लायन्स ठेवू नये. वरच्या थराने सगळे सारखेपण काढून टाकलेले असते, त्यामुळे खालचा थर प्रोसेसर खातो, जागा वाचवत नाही आणि शिल्लक जागेचे आकडे फसवे दाखवतो.

किती जागा आणि किती वेळ

विक्रेते डीडुपचे मोठमोठे गुणोत्तर सांगतात. आपण आपल्या डेटावरून हिशेब करावा. समजा, जपायचा डेटा 10 टीबी आहे, रोज त्यातला 2 टक्के बदलतो आणि 30 दिवसांच्या प्रती ठेवायच्या आहेत. पहिला पूर्ण बॅकअप दाबून निम्मा झाला, तर 5 टीबी. रोजचे 200 जीबी निम्मे होऊन 100 जीबी, म्हणजे 30 दिवसांचे 3 टीबी. एकूण 8 टीबी. पाचवा हिस्सा रिकामा राहावा म्हणून 10 टीबीची सोय करावी. हा हिशेब फायली आणि सर्वसाधारण डेटाबेस यांच्यासाठी चालतो. एक्स-रे आणि स्कॅनच्या दाबलेल्या प्रतिमा, सीसीटीव्हीचे चित्रण किंवा एन्क्रिप्ट केलेले डेटाबेस असतील, तर निम्मे होण्याची आशा धरू नये.

वेळेचा हिशेब बहुतेक वेळा करायचा राहून जातो. 1 गिगाबिटच्या जाळ्यावर सेकंदाला साधारण 110 एमबी जातात. रोजचे 200 जीबी अर्ध्या तासात पोचतात, म्हणून सगळे निश्चिंत असतात. पण पूर्ण 10 टीबी परत आणायचे झाले, तर त्याच तारेवरून 25 तास लागतात. डीडुपची हुशारी जाताना उपयोगी पडते. डेटा डोमेनची डीडी बूस्टसारखी पद्धत तर नवे तुकडेच तारेवर पाठवते. परतीच्या वाटेवर मात्र सगळा डेटा पुन्हा जोडून पाठवावा लागतो, आणि इतस्ततः पसरलेले तुकडे गोळा करताना फिरत्या डिस्क आणखी हळू चालतात. म्हणून जाळ्याचा आणि डिस्कचा वेग रिस्टोअरच्या हिशेबाने ठरवावा. 10 गिगाबिटचा स्विच आणि कार्ड यांवरचा खर्च इथेच वसूल होतो. रुग्णालय किंवा बँक किती तास बंद राहिलेली चालेल, हे संचालकांकडून लेखी घ्यावे. त्या आकड्यावरून यंत्र निवडता येते. उलट क्रमाने जाऊन चालत नाही.

डिस्कची मांडणी

डेटा डोमेनची व्हर्च्युअल आवृत्ती चढवली, की दोन डिस्क तिच्याबरोबरच येतात: प्रणालीसाठी 250 जीबीची आणि एनव्हीरॅमच्या जागी वापरायची 10 जीबीची. डेटाच्या डिस्क आपण जोडायच्या. मूळ पेटीत एनव्हीरॅम हे बॅटरीवर चालणारे खास कार्ड असते. ‘लिहिले’ असे सांगून झाल्यावर वीज गेली, तरी त्यातला डेटा टिकतो. व्हर्च्युअल यंत्रात ते कार्ड नाही. ते वचन आता खालच्या रेड कंट्रोलरने पाळायचे असते, म्हणून बॅटरीचा आधार असलेला राइट कॅशे इथे आवश्यक आहे. कॅशेची बॅटरी मेलेली आहे आणि कंट्रोलरला तरीही कॅशे वापरायला भाग पाडले आहे, ही स्थिती सर्वांत धोक्याची. केव्हीएमवर डिस्कच्या कॅशेसाठी ‘अनसेफ’ हा पर्याय दिसतो. तो बॅकअपच्या यंत्रावर कधीही निवडू नये, कारण तो ‘डिस्कवर पक्के लिही’ हा हुकूमच दुर्लक्षितो.

रेड 6 घ्यावे. मोठ्या डिस्कची पुनर्बांधणी दिवसेंदिवस चालते आणि त्या काळात दुसरी डिस्क गेली, तर रेड 5 सगळे गमावते. व्हर्च्युअल डिस्क पूर्ण जागा आधीच अडवणारी, म्हणजे व्हीएमवेअरमध्ये ‘थिक, ईगर झीरोड’ आणि हायपर-व्हीत ‘फिक्स्ड’ असावी. थिन डिस्क दिली आणि डेटास्टोअर भरला, तर हायपरवायझर अप्लायन्सला लिहिता लिहिता थांबवतो. एका डिस्कची कमाल मर्यादा व्हीएमवेअरमध्ये 62 टीबी आणि हायपर-व्हीत 64 टीबी आहे. मध्यम संस्थेला ती क्वचितच आडवी येते. जागा पुढे वाढवता येते, पण दिलेली जागा परत काढून घेता येत नाही, म्हणून सुरुवात बेताने करावी.

अप्लायन्सचा स्नॅपशॉट घेऊ नये. रोज शेकडो जीबी लिहिणाऱ्या मशीनचा स्नॅपशॉट झपाट्याने फुगतो आणि डेटास्टोअर गिळतो. शिवाय कोणी त्या स्नॅपशॉटवर परत गेले, तर बॅकअप सॉफ्टवेअरची नोंदवही पुढे आणि साठा मागे अशी फारकत होते. नोंदवहीत दिसणारे बॅकअप मग साठ्यात सापडत नाहीत.

आता मूळ प्रश्न. ज्या डेटास्टोअरवर रोजचे सर्व्हर आहेत, त्याच डेटास्टोअरवर अप्लायन्सच्या डिस्क ठेवल्या, तर स्टोरेज मरताच मूळ आणि बॅकअप दोन्ही जातात. असा बॅकअप चुकून पुसलेली फाइल परत देईल, बुडालेली संस्था वर काढणार नाही. अप्लायन्ससाठी वेगळा होस्ट आणि त्याच्या स्वतःच्या डिस्क, ही किमान अट मानावी. जुना पण धडधाकट सर्व्हर या कामाला चालतो. प्रॉक्समॉक्सची अधिकृत मार्गदर्शिकाही बॅकअप सर्व्हर वेगळ्या यंत्रावर बसवण्याचीच शिफारस करते.

जाळे, नावे आणि घड्याळ

अप्लायन्सला वेगळे व्हीलॅन द्यावे. व्यवस्थापनाचे पान मोजक्या मशीनवरूनच उघडावे आणि डेटाची वाट वेगळी असावी. फायरवॉलमध्ये लागतील तेवढेच पोर्ट मोकळे ठेवावेत: डीडी बूस्ट आणि एनएफएससाठी 2049, डेटा डोमेनच्या रेप्लिकेशनसाठी 2051, प्रॉक्समॉक्ससाठी 8007. जंबो फ्रेम वापरायच्या तर स्विचपासून कार्डापर्यंत सगळीकडे, नाहीतर कुठेच नाही. अर्धवट सेटिंगमुळे जोडणी होते आणि मोठा डेटा जाताना अडकते.

नावांच्या बाबतीत एक गोल फास असतो. अप्लायन्स डीएनएसवर अवलंबून, डीएनएस डोमेन कंट्रोलरवर, डोमेन कंट्रोलर हे एक व्हर्च्युअल मशीन, आणि त्याचा बॅकअप अप्लायन्समध्ये. सगळे बंद पडलेल्या सकाळी हा फास सुटत नाही. म्हणून महत्त्वाच्या यंत्रांचे पत्ते होस्ट फाइलमध्येही लिहून ठेवावेत, आणि व्हीसेंटर, म्हणजे व्हीएमवेअरचे मध्यवर्ती नियंत्रण, नसताना थेट होस्टवर रिस्टोअर करून पाहिलेले असावे.

घड्याळाकडे बारकाईने पाहावे. ‘30 दिवस पुसता येणार नाही’ हे कुलूप यंत्राच्या घड्याळावर चालते. घड्याळ पुढे ढकलता आले, तर कुलूप आपोआप उघडते. भारतात याला कायद्याचीही बाजू आहे. सर्ट-इनच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार यंत्रांची वेळ एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळलेली हवी, लॉग 180 दिवस जपायला हवेत आणि सायबर घटना 6 तासांत कळवायला हवी. अप्लायन्सचे लॉग अप्लायन्समध्येच राहिले, तर हल्ल्यानंतर ते मिळतीलच असे नाही. ते वेगळ्या लॉग सर्व्हरवर पाठवावेत.

हायपरवायझरची चावी कोणाकडे?

सगळ्या प्रश्नाचा गाभा इथे आहे. फेब्रुवारी 2023 च्या सुरुवातीला ‘ईएसएक्सआय-आर्ग्ज’ नावाच्या रॅन्समवेअरने जगभरातले हजारो ईएसएक्सआय होस्ट गाठले. ज्या त्रुटीतून ते शिरले असे मानले गेले, तिचा पॅच दोन वर्षे आधी, फेब्रुवारी 2021 मध्ये निघाला होता. हल्लेखोर एकाही व्हर्च्युअल मशीनच्या आत शिरले नाहीत. त्यांनी होस्टवर बसून मशीनच्या फायलीच बाहेरून कुलूपबंद केल्या. अशा हल्ल्यात अप्लायन्सच्या आतला कितीही भक्कम पासवर्ड निरुपयोगी ठरतो.

जुलै 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टने आणखी एक वाट उघड केली. ईएसएक्सआय होस्ट डोमेनला जोडलेला असेल, तर ‘ईएसएक्स अ‍ॅडमिन्स’ या नावाच्या गटातल्या कोणालाही होस्टवर पूर्ण हक्क मिळत. डोमेन ताब्यात घेतलेल्या हल्लेखोराला फक्त त्या नावाचा गट तयार करायचा होता. अकिरा आणि ब्लॅक बास्टासारख्या टोळ्यांच्या रॅन्समवेअरसाठी ही वाट वापरली गेली. त्याच वर्षी वीमच्या बॅकअप सर्व्हरमधली एक गंभीर त्रुटीही रॅन्समवेअर टोळ्यांनी वापरली. हल्लेखोर बॅकअप शोधून आधी तो मारतात, मग मूळ डेटाला हात घालतात.

यावरून रिटेन्शन लॉक किंवा इम्युटेबिलिटी या सोयीची खरी मर्यादा कळते. अप्लायन्सच्या आत बॅकअप पुसता येत नाही, हे खरे. पण होस्टचा अ‍ॅडमिन त्या मशीनची अख्खी डिस्क पुसू शकतो. व्हर्च्युअल यंत्रातले कुलूप होस्टच्या चावीइतकेच पक्के असते. विक्रेत्याने ‘आमचा बॅकअप पुसताच येत नाही’ असे म्हटले, तर होस्टच्या रूट खात्यावरून व्हर्च्युअल डिस्क पुसून दाखवायला सांगावे. उत्तर लगेच मिळते.

उपाय महागडे नाहीत, शिस्तीचे आहेत. बॅकअपचा होस्ट डोमेनला जोडू नये. तो रोजच्या व्हीसेंटरखालीही घेऊ नये. त्याचे पासवर्ड वेगळे असावेत आणि रोजच्या अ‍ॅडमिन खात्याने तिथे शिरता येऊ नये. एसएसएच बंद, दुहेरी ओळख चालू आणि सर्व्हरच्या आयड्रॅक किंवा आयएलओसारख्या दूरस्थ नियंत्रणाच्या पोर्टला वेगळे जाळे. यंत्राबरोबर येणारा सुरुवातीचा पासवर्ड कंपनीच्या जाहीर मार्गदर्शिकेत छापलेला असतो. तो पहिल्या मिनिटाला बदलावा. बॅकअप पुसण्याचे काम दोन माणसांच्या संमतीशिवाय होऊ नये अशी सोय असेल, तर ती चालू करावी. डेटा डोमेनमध्ये त्यासाठी सुरक्षा अधिकाऱ्याची वेगळी भूमिका आहे. लहान संस्थेत दुसरा माणूस आयटीतला नसला तरी चालेल. जबाबदार हिशेबनीससुद्धा ती दुसरी चावी सांभाळू शकतो. आणि एन्क्रिप्शनची किल्ली किंवा पासफ्रेज कागदावर लिहून यंत्राबाहेर ठेवावी. ती फक्त अप्लायन्समध्ये असणे म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीतच ठेवून दार ओढून घेणे.

सफाई आणि देखरेख

डीडुप करणाऱ्या साठ्यात बॅकअप पुसला, की जागा लगेच मोकळी होत नाही. तो तुकडा आणखी कोणी वापरत असेल, म्हणून सफाईची वेगळी फेरी लागते. डेटा डोमेनमध्ये ती मुळात मंगळवारी सकाळी 6 वाजता ठरवलेली असते. प्रॉक्समॉक्समध्ये जुन्या प्रती गाळणे हे एक काम आणि तुकड्यांची सफाई हे दुसरे. शिवाय 24 तास 5 मिनिटांच्या आत वापरल्या गेलेल्या तुकड्याला सफाई हात लावत नाही. हे ठाऊक नसलेला माणूस डिस्क भरल्यावर घाईने बॅकअप पुसत सुटतो आणि तरीही जागा वाढत नाही. सफाई, पडताळणी आणि बॅकअप यांच्या वेळा एकमेकांवर येऊ देऊ नयेत. 80 टक्के भरल्यावर इशारा यावा.

देखरेखीचा आणखी एक मोठा फायदा आहे. रोज 2 टक्के बदलणारा डेटा एके दिवशी 40 टक्के बदलला आणि डीडुपचे गुणोत्तर एकदम घसरले, तर कोणीतरी फायली एन्क्रिप्ट करत असण्याची शंका घ्यावी. एन्क्रिप्ट झालेला डेटा जुन्याशी जुळत नाही, त्यामुळे अप्लायन्सचे आकडे धोक्याची पहिली खूण देतात. हा आकडा रोज सकाळी कोणीतरी डोळ्यांनी पाहिला पाहिजे.

दुसरी प्रत कुठे?

छायाचित्रकार पीटर क्रोह यांनी लोकप्रिय केलेला 3-2-1 चा नियम आजही पाया आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक बाहेरगावी. तो न पाळण्याची किंमत दक्षिण कोरियाने मोजली. 26 सप्टेंबर 2025 रोजी डेजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरला लिथियम बॅटरीतून आग लागली. 709 यंत्रणा थांबल्या आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘जी-ड्राइव्ह’वरचा 858 टीबी डेटा बाहेर कुठेही प्रत नसल्याने गेला. साठा फार मोठा म्हणून बाहेर बॅकअप नाही, असे कारण दिले गेले. त्याआधी 10 मार्च 2021 रोजी स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच या क्लाउड कंपनीच्या केंद्राला आग लागली, तेव्हा मूळ सर्व्हर आणि बॅकअप एकाच आवारात ठेवणाऱ्यांनी दोन्ही गमावले.

महाराष्ट्रात आगीच्या बरोबरीने पुराचा विचार करावा लागतो. ऑगस्ट 2019 मध्ये सांगली आणि कोल्हापूर एकाच आठवड्यात पाण्याखाली होते. सांगलीच्या बँकेने दुसरी प्रत कोल्हापूरच्या शाखेत ठेवली, तर अंतर दिसते, पण धोका एकच राहतो. जुलै 2021 मध्ये चिपळूणच्या बाजारपेठेत तळमजले बुडाले; सर्व्हरची खोली तळमजल्यावर असेल, तर वरच्या मजल्यावर नेणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. दुसरी प्रत वेगळ्या नदीखोऱ्यातल्या शाखेत दुसऱ्या अप्लायन्सवर रेप्लिकेशनने पाठवावी, किंवा मुदतबंद कुलूप लावलेल्या क्लाउड साठ्यात. रेप्लिकेशनमध्ये फक्त नवे तुकडे जातात, त्यामुळे साध्या ब्रॉडबँडवरही ते जमते. पहिली मोठी प्रत मात्र डिस्कवर घालून गाडीने न्यावी. आणि टेप जुनी झाली म्हणून कमी लेखू नये. कपाटात ठेवलेल्या टेपपर्यंत कोणताही हल्लेखोर जाळ्यातून पोचत नाही.

परत आणून दाखवा

31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीच्या एका अभियंत्याकडून चालू डेटाबेस पुसला गेला. तेव्हा असे आढळले, की रोजचा डेटाबेस बॅकअप आवृत्त्यांच्या विसंगतीमुळे होतच नव्हता, क्लाउडमधली जागा रिकामी होती आणि अपयशाची सूचना देणारे ईमेल नाकारले जात होते. कामासाठी सहा तास आधी घेतलेला एक स्नॅपशॉट होता, म्हणून कंपनी वाचली. गिटलॅबने हे सगळे उघडपणे लिहिले, हे त्यांचे मोठे उपकार आहेत. तिथे बॅकअपच्या पद्धती एकाहून अधिक होत्या. पण त्यांवरून डेटा परत येतो का, हे नियमित तपासण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती.

म्हणून दर महिन्याला एखादे मशीन वेगळ्या जाळ्यात रिस्टोअर करावे. ते नुसते चालू होऊन भागत नाही. टॅलीत कंपनी उघडते का, कालची शेवटची व्हाउचर दिसतात का, एसक्यूएल डेटाबेसची तपासणी चुकांशिवाय पार पडते का, हे लेखा विभागातल्या माणसाने पाहावे, कारण आयटीतल्या माणसाला आकडे बरोबर आहेत की नाहीत ते कळणार नाही. वर्षातून एकदा अप्लायन्सच नव्याने उभे करून जुन्या डिस्क किंवा दुसरी प्रत त्याला जोडून पाहावी. दर वेळी लागलेला वेळ लिहून ठेवावा. संचालकांना सांगितलेल्या तासांशी तो जुळत नसेल, तर यंत्र तरी बदलावे किंवा दिलेला शब्द तरी.

लायसन्स आणि स्थलांतर

नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतले आणि डिसेंबरपासून कायमस्वरूपी लायसन्सची विक्री बंद झाली. वर्गणी परवडत नसलेल्या संस्था प्रॉक्समॉक्स आणि हायपर-व्हीकडे वळू लागल्या. त्यांच्यासमोर एक प्रश्न उभा राहतो: पाच वर्षांपूर्वीचा, ईएसएक्सआयवरून घेतलेला बॅकअप उद्या कशावर उघडायचा? हायपरवायझर बदलला तरी बॅकअप वाचता येणे, हेही बॅकअपच्या स्वातंत्र्याचेच अंग आहे. वीमने ऑगस्ट 2024 मध्ये प्रॉक्समॉक्सचा आधार दिला, त्यामागे हीच गरज होती. खरेदीआधी दुसऱ्या हायपरवायझरवर रिस्टोअर करून दाखवण्याची अट घालावी.

शिकण्यासाठी पैसे लागत नाहीत. डेटा डोमेनची व्हर्च्युअल आवृत्ती 0.5 टीबीपर्यंत मुदतीशिवाय वापरून पाहता येते, आणि प्रॉक्समॉक्स पूर्ण मोकळे आहे. जळगाव किंवा लातूरच्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यालाही जुन्या संगणकावर हे सगळे करून पाहता येईल.

निवाडा

व्हर्च्युअल बॅकअप अप्लायन्स ही मध्यम संस्थांसाठी चांगली निवड आहे, पण तीन अटींवर: वेगळा होस्ट, वेगळे पासवर्ड आणि वेगळ्या गावातली, पुसता न येणारी दुसरी प्रत. या तिन्ही नसतील, तर महाग सॉफ्टवेअरवर पैसे घालवण्याआधी याच तीन गोष्टींवर घालवावेत. त्यांच्यानंतर 10 गिगाबिटचे जाळे, आणि मग बाकी सगळे.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 ने सुरक्षेत कसूर करणाऱ्याला 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे, त्यामुळे हा विषय आता संचालक मंडळाच्या टेबलावर आला आहे. पण दंडापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे ठेवीदाराची नोंद, रुग्णाचा अहवाल आणि कामगाराच्या पगाराचा हिशेब या डिस्कवर असतो. त्यांनी हा डेटा विश्वासाने आपल्याकडे दिलेला आहे. म्हणून पुढच्या वार्षिक सभेत बॅकअप होतो का, एवढे विचारून सभासदांनी थांबू नये. शेवटचा रिस्टोअर कोणत्या तारखेला केला, तो कोणी तपासला आणि त्याला किती तास लागले, ही तीन उत्तरे लेखी मागावीत.